पहिले उत्तर आणि दुसरा विचार

एक बॅट आणि एक चेंडू मिळून ११० रुपये पडतात. बॅट चेंडूपेक्षा १०० रुपयांनी महाग आहे. तर चेंडूची किंमत किती?

वर्गात हा प्रश्न विचारला, की वाक्य पुरे होण्याआधीच 'दहा रुपये' असा पुकारा होतो. पुकारा करणाऱ्यांत गणितात कच्ची मुलेच असतात असे नाही. चेंडू दहाचा असेल तर बॅट ११० ची होईल आणि दोन्ही मिळून १२० होतील, एवढी पडताळणी चौथीतला मुलगाही करू शकतो. पण ती करावी असे फार थोड्यांना वाटते. उत्तर पाच रुपये आहे. शेन फ्रेडरिक या अमेरिकी संशोधकाने हा प्रश्न डॉलर-सेंटमध्ये घालून २००५ साली प्रसिद्ध केला. हार्वर्ड, एमआयटी आणि प्रिन्स्टन या नावाजलेल्या विद्यापीठांतही निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांनी चुकीचे सहज उत्तर दिले, आणि इतर काही विद्यापीठांत हे प्रमाण ८० टक्क्यांच्या वर गेले.

डॅनिएल कानमन यांच्या 'थिंकिंग, फास्ट अँड स्लो' या २०११ साली निघालेल्या पुस्तकामुळे हे कोडे जगभर पोहोचले. कानमन मानसशास्त्रज्ञ. २००२ सालचे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना व्हर्नन स्मिथ यांच्यासोबत मिळाले. त्यांचे संशोधनातले जोडीदार एमॉस ट्वर्स्की १९९६ सालीच वारले होते; पुस्तक त्यांच्याच स्मृतीला अर्पण केले आहे. कानमन २७ मार्च २०२४ रोजी गेले. पुस्तकाला आता बरीच वर्षे झाली. 'पहिली यंत्रणा' आणि 'दुसरी यंत्रणा' हे त्यातले शब्द शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गांतही कानावर येतात. म्हणून त्यातले काय टिकले आणि काय ढासळले, हे एकदा नीट पाहिले पाहिजे असे आम्हांला वाटते.

पुस्तकाचा गाभा थोडक्यात सांगता येतो. पहिली यंत्रणा वेगाने, आपोआप, कष्टाविना काम करते. चेहऱ्यावरचा राग ओळखणे, दोन अधिक दोन, मातृभाषेतले सोपे वाक्य समजणे ही तिची कामे. दुसरी यंत्रणा सावकाश चालते, तिला लक्ष आणि श्रम लागतात. सतरा गुणिले चोवीस तोंडी करायला सांगितले की ती जागी होते. आपल्याला वाटत असते की आपले निर्णय ही दुसरी यंत्रणा घेते. कानमन म्हणतात की ती मुळात आळशी आहे; पहिलीने पुढे केलेले उत्तर ती बहुतेक वेळा न तपासता सही करून पुढे पाठवते. ही नावे त्यांची स्वतःची नव्हेत, कीथ स्टॅनोविच आणि रिचर्ड वेस्ट यांच्याकडून घेतलेली आहेत. शिवाय मेंदूत अशा दोन कोठड्या नाहीत, ही केवळ समजण्याच्या सोयीसाठी घेतलेली दोन पात्रे आहेत, असे कानमन स्वतः बजावतात. वाचक मात्र पात्रे लक्षात ठेवतो आणि बजावणी विसरतो.

पुस्तकाचा सर्वांत बळकट भाग तो, जिथे कानमन स्वतः शिकवताना आलेले अनुभव सांगतात. उत्तरपत्रिका तपासण्याचे उदाहरण प्रत्येक शिक्षकाने वाचावे असे आहे. सुरुवातीला ते एका विद्यार्थ्याची संपूर्ण उत्तरपत्रिका सलग तपासत. त्यांच्या लक्षात आले की पहिल्या उत्तराला भरपूर गुण दिले असतील, तर पुढच्या संदिग्ध वाक्याचाही आपण चांगलाच अर्थ लावतो. पहिले उत्तर फसले असेल तर तेच वाक्य अज्ञानाचा पुरावा ठरते. म्हणजे पहिल्या प्रश्नाचे गुण नकळत दोनदा मोजले जात होते. मग त्यांनी पद्धत बदलली: आधी सगळ्यांचे पहिले उत्तर तपासायचे, गुण आतल्या पानावर लिहायचे, मग सगळ्यांचे दुसरे. परिणाम सुखाचा झाला नाही. एकाच विद्यार्थ्याच्या दोन उत्तरांना पडणारे गुण आता खूपच वेगळे येऊ लागले आणि आपल्या गुणदानावरचा त्यांचा विश्वास कमी झाला. पूर्वीचा एकसारखेपणा खोटा होता, एवढेच त्यातून उघड झाले. दहावीच्या पेपरांचे गठ्ठे घेऊन बसणाऱ्या शिक्षकाला या उपदेशाची किंमत कळेल, आणि अडचणही कळेल. शंभर उत्तरपत्रिका पाच-पाच वेळा उलटायला वेळ कुठून आणायचा, याबद्दल पुस्तक गप्प आहे.

दुसरे उदाहरण इस्रायलच्या हवाई दलातल्या प्रशिक्षकांचे. कानमन त्यांना सांगत होते की शिक्षेपेक्षा सुधारणेला दिलेली शाबासकी अधिक उपयोगी पडते. एक अनुभवी प्रशिक्षक उठून म्हणाला की आमचा अनुभव नेमका उलटा आहे. उत्तम कसरत करणाऱ्याची स्तुती केली की पुढच्या खेपेला तो घसरतो, आणि वाईट करणाऱ्याला झापले की तो सुधारतो. निरीक्षण अगदी खरे होते, निष्कर्ष चुकीचा. कोणत्याही कामगिरीत कौशल्याबरोबर योगायोगाचाही वाटा असतो. अपवादात्मक चांगल्या खेपेनंतरची खेप सरासरीच्या जवळ येणार, अपवादात्मक वाईट खेपेनंतरचीही तशीच. मध्ये कोणी शाबासकी दिली काय किंवा शिवी दिली काय! कानमननी तिथल्या तिथे खडूने जमिनीवर एक लक्ष्य काढले आणि अधिकाऱ्यांना त्याच्याकडे पाठ करून, न पाहता, लागोपाठ दोन नाणी फेकायला लावली. पहिले नाणे जवळ पडलेल्यांचे दुसरे बहुधा लांब पडले, आणि लांब पडलेल्यांचे बहुधा जवळ आले.

हा प्रयोग वर्गात याहून सोपा करता येतो. चाळीस मुलांना प्रत्येकी दहा नाणेफेकींचे अंदाज लिहायला सांगावे आणि प्रत्येकाला दहापैकी गुण द्यावेत. पहिल्या पाचांचे टाळ्या वाजवून कौतुक करावे, शेवटच्या पाचांना 'अभ्यास वाढवा' असे सांगावे आणि परीक्षा पुन्हा घ्यावी. कौतुक झालेल्यांची सरासरी बहुधा घसरेल, बोलणी खाल्लेल्यांची वाढेल. छडीवरची श्रद्धा कशी पक्की होत जाते, हे मुलांनाही दिसेल आणि शिक्षकांनाही.

इथे एक खोच मात्र नोंदवली पाहिजे. या युक्तिवादाने प्रशिक्षकाचा दावा निराधार ठरतो. शाबासकी गुणकारी आहे हे त्याने सिद्ध होत नाही. त्याला वेगळा पुरावा लागतो. कानमन तो प्राण्यांवरील प्रयोगांचा एक ओझरता उल्लेख करून उरकतात.

लहान नमुन्यांबद्दलचे प्रकरणही असेच पक्के आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १,६६२ शाळांच्या पाहणीत पहिल्या ५० शाळांपैकी ६ शाळा लहान निघाल्या. लहान शाळांच्या एकूण प्रमाणाच्या मानाने हे चौपट होते. लहान शाळेत मुलाकडे वैयक्तिक लक्ष दिले जाते, म्हणून ती चांगली, हे कारण चटकन पटते. गेट्स फाउंडेशनने अशा लहान शाळांसाठी मोठा पैसा ओतला. पण सर्वांत वाईट शाळांतही लहान शाळांचाच भरणा असतो, हे कोणी विचारलेच नाही. आपल्याकडे दहावीचा निकाल लागला की शंभर टक्के निकालाच्या शाळांची यादी छापून येते, तिला हाच हिशेब लावून पाहू. समजा, प्रत्येक विद्यार्थी उत्तीर्ण होण्याची शक्यता सगळीकडे सारखीच, ९० टक्के आहे आणि एकाच्या निकालाचा दुसऱ्याशी संबंध नाही. दहा विद्यार्थ्यांच्या शाळेचा निकाल शंभर टक्के लागण्याची शक्यता ०.९ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ३५ टक्के. शंभर विद्यार्थ्यांच्या शाळेसाठी तीच शक्यता जवळजवळ ३८ हजारांत एक! दोन्ही शाळांतले अध्यापन तंतोतंत सारखे असूनही एकीच्या फलकावर 'शंभर टक्के' झळकणार आणि दुसरीच्या मुख्याध्यापकांना खुलासा द्यावा लागणार.

इथवर पुस्तकाशी आमचे भांडण नाही. ते चौथ्या प्रकरणापाशी सुरू होते. हे प्रकरण सहज कानावर पडलेल्या शब्दांचा वागणुकीवर नकळत होणारा परिणाम सांगते. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना काही शब्द देऊन वाक्ये जुळवायला सांगितली. एका गटाच्या शब्दांत टक्कल, सुरकुती, विसराळू असे वार्धक्यसूचक शब्द पेरलेले होते. ते विद्यार्थी नंतर बोळातून अधिक हळू चालत गेले, असा जॉन बार्ग आणि सहकाऱ्यांचा १९९६ सालचा निष्कर्ष. या प्रकारच्या प्रयोगांबद्दल कानमननी वाचकाला अविश्वासाला जागाच ठेवली नाही: हे निष्कर्ष तुम्हांला मान्य करावेच लागतील, असा त्यांचा सूर आहे.

२०१२ साली ब्रसेल्समधल्या संशोधकांनी हा प्रयोग पुन्हा केला. विद्यार्थ्यांची संख्या वाढवली आणि चालण्याची वेळ अवरक्त किरणांच्या संवेदकांनी मोजली. परिणाम दिसला नाही. मग त्यांनी प्रयोग घेणाऱ्यांनाच सांगून ठेवले, की विद्यार्थी हळू चालतील अशी अपेक्षा आहे. तेव्हा परिणाम दिसू लागला. मनावर पेरलेल्या अपेक्षेचा प्रभाव होता खरा, पण तो घड्याळ धरणाऱ्यांच्या बाजूने शिरला होता.

पाचव्या प्रकरणातला एक प्रयोग शिक्षकांना विशेष भुरळ घालणारा आहे. बॅट-चेंडूसारखे तीन प्रश्न प्रिन्स्टनच्या ४० विद्यार्थ्यांना दिले: निम्म्यांना स्वच्छ टंकात, निम्म्यांना बारीक, फिकट, वाचायला त्रासदायक टंकात. स्वच्छ टंकात ९० टक्क्यांची निदान एक चूक झाली, वाईट टंकात फक्त ३५ टक्क्यांची. अर्थ असा लावला की वाचण्याचे कष्ट पडले की दुसरी यंत्रणा जागी होते. हे खरे असते तर आपल्या शाळांतल्या चक्रमुद्रित प्रश्नपत्रिकांनी पिढ्यान् पिढ्या विचारवंत घडवले असते. २०१५ साली असे १७ अभ्यास एकत्र करून सात हजारांहून अधिक लोकांचे निकाल तपासले गेले, तेव्हा टंकाचा असा काही परिणाम आढळला नाही. प्रत्येक गटात वीस माणसे. नमुना लहान, फरक डोळ्यांत भरणारा. हा सापळा कसा लागतो हे याच पुस्तकाच्या दहाव्या प्रकरणात सांगितले आहे!

यातला विरोधाभास कानमनच्या नजरेतून सुटला नाही, हे त्यांच्या मोठेपणाचे लक्षण. १९७१ साली ट्वर्स्कींसह लिहिलेल्या पहिल्याच निबंधात त्यांनी दाखवले होते, की संख्याशास्त्र जाणणारे संशोधकही लहान नमुन्यांवर वाजवीपेक्षा जास्त भरवसा टाकतात. २०१२ साली त्यांनी या शाखेतल्या संशोधकांना उघड पत्र लिहून एकमेकांचे प्रयोग पुन्हा करून पाहायला सांगितले. आणि २०१७ साली, आपण तोकड्या अभ्यासांवर नको इतका विश्वास ठेवला, असे त्यांनी जाहीरपणे लिहिले. आज दुकानातून पुस्तक विकत घेणाऱ्या वाचकाला ही कबुली माहीत असतेच असे नाही.

याहून गमतीची गोष्ट बास्केटबॉलची. खेळाडूचा 'हात चालू लागला' की त्याचे फेके लागोपाठ पडत जातात, असे खेळाडूही मानतात आणि प्रेक्षकही. १९८५ साली गिलोविच, व्हॅलोन आणि ट्वर्स्की यांनी आकडे तपासून सांगितले की अशी लय नसतेच. हा निव्वळ भ्रम आहे. कानमननी हे उदाहरण सर्वांना होणाऱ्या बौद्धिक भ्रमाचा नमुना म्हणून दिले. पण २०१८ साली जोशुआ मिलर आणि ॲडम सॅनहुर्हो या दोघांनी त्या हिशेबातच एक खोट दाखवली. ती समजायला फळा आणि खडू पुरे.

नाणे तीनदा उडवा. छापा आल्यानंतरच्या फेकीत पुन्हा छापा किती वेळा आला, त्याचे प्रमाण काढा. शक्य असलेल्या आठ मालिका अशा: छछछ मध्ये हे प्रमाण १, छछक मध्ये अर्धे, छकछ आणि छकक मध्ये शून्य, कछछ मध्ये १, कछक मध्ये शून्य. ककछ आणि ककक मध्ये छाप्यानंतरची फेकच नाही, म्हणून त्या सोडून द्यायच्या. उरलेल्या सहा मालिकांची सरासरी अडीच भागिले सहा, म्हणजे ५/१२, सुमारे ४२ टक्के. नाणे निर्दोष आहे, तरी सरासरी निम्म्याहून कमी!

विद्यार्थी लगेच विचारतील की हे कसे. त्यांना एकूण मोजायला सांगावे. छाप्यानंतरच्या फेकी एकंदर आठ आहेत आणि त्यांतल्या चार छापा आहेत, म्हणजे बरोबर निम्म्या. गोम सरासरी काढण्यात आहे. छछछ या मालिकेत अशा दोन फेकी आहेत, छकक मध्ये एकच. पण सरासरीत दोघींना एकेकच मत मिळते. छापे एकाच मालिकेत गर्दी करून बसतात आणि त्यांचे वजन कमी धरले जाते. १९८५ च्या अभ्यासात प्रत्येक खेळाडूचे प्रमाण काढून मग सरासरी घेतली होती. लय नसती तर ते प्रमाण खाली उतरलेले दिसायला हवे होते. ते सपाट दिसले, याचाच अर्थ थोडीफार लय होती. दुरुस्ती केल्यावर त्याच आकड्यांत ती दिसू लागली. ती नेमकी किती मोठी, आणि प्रेक्षक तिला किती फुगवतात, हा वाद वेगळा. पण तीस वर्षांहून अधिक काळ खेळाडूंना भ्रमिष्ट ठरवणाऱ्या तज्ज्ञांना स्वतःच्या भागाकारातली ही खोट दिसली नव्हती. त्यांनी विचार घाईने केला होता असेही म्हणता येत नाही. तो सावकाश, कागदावर, सूत्रे मांडून केलेला विचार होता.

म्हणूनच 'वेगवान म्हणजे चुकीचे, सावकाश म्हणजे बरोबर' हे जे समीकरण या पुस्तकातून लोकांपर्यंत पोहोचले, ते आम्हांला मान्य नाही. बॅट-चेंडूच्या कोड्याचेच पाहा. विम द नेस आणि बेन्स बागो यांनी हे प्रश्न विचारताना आधी घाईघाईत, मन दुसऱ्या कामात गुंतलेले असताना उत्तर घेतले, आणि मग निवांत वेळ देऊन पुन्हा घेतले. शेवटी बरोबर उत्तर देणाऱ्यांपैकी पुष्कळांचे पहिले, झटपट उत्तरही बरोबरच होते. ज्याने अशी समीकरणे पुष्कळ सोडवली आहेत, त्याच्या पहिल्या यंत्रणेतच ती मुरलेली असतात. पाढे पाठ करून घेणाऱ्या जुन्या मास्तरांना हे कोणी वेगळे सांगायला नको. 'हळू विचार कर' एवढे सांगून ज्याला समीकरण मांडता येत नाही त्याला ते येऊ लागणार नाही.

कानमनचे अंतःप्रेरणेबद्दलचे खरे मत याहून सूक्ष्म आहे, ते बाविसाव्या प्रकरणात सापडते. गॅरी क्लाइन हे संशोधक आग विझवणाऱ्या पथकप्रमुखांचा अभ्यास करीत. कारण सांगता येत नसतानाही धोका ओळखून माणसे बाहेर काढणाऱ्या प्रमुखांवर त्यांचा भरवसा. अंतःप्रेरणेवर अविश्वास असलेले कानमन आणि तिचे चाहते क्लाइन यांनी काही वर्षे वाद घालून २००९ साली एकत्र निबंध लिहिला. त्यांचा निवाडा असा: परिस्थितीत काही नियमितपणा असेल, आणि दीर्घ सरावात आपले चुकले की बरोबर हे लवकर कळत असेल, तर झटपट निर्णयावर भरवसा ठेवावा. एरवी तो निर्णय कितीही ठाम वाटला तरी ठेवू नये.

ही कसोटी शिक्षकाच्या कामाला लावून पाहिली की त्याचे दोन तुकडे पडतात. शिकवताना तिसऱ्या बाकावरची मुलगी मान डोलवते आहे पण तिला कळलेले नाही, हे अनुभवी शिक्षकाला क्षणात जाणवते; एक प्रश्न विचारला की खरेखोटे तिथेच ठरते, आणि हे दिवसातून अनेकदा घडते. ही अंतःप्रेरणा कमावलेली आहे. पण 'हा मुलगा पुढे काही करणार नाही' हे पाचवीत केलेले भाकीत खरे ठरले की खोटे, ते दहा वर्षांनी कळायचे आणि तोवर मुलगा गावात नसायचा. चुकलेली भाकिते कोणी परत आणून दाखवत नाही. पॉल मील यांनी १९५४ च्या पुस्तकात दिलेले उदाहरण कानमन सांगतात: चौदा प्रशिक्षित समुपदेशकांनी प्रत्येक विद्यार्थ्याशी पाऊण तास बोलून, त्याचे गुण, अनेक चाचण्या आणि त्याने स्वतःविषयी लिहिलेली चार पाने वाचून पहिल्या वर्षाच्या गुणांचे भाकीत केले. फक्त शाळेतले गुण आणि एक चाचणी वापरणाऱ्या साध्या सूत्राने चौदांपैकी अकरा जणांना मागे टाकले. आणि मुलाने ऐकलेले भाकीत त्याच्याबरोबर राहते, हा मुद्दा सूत्रात येतही नाही.

आता 'फास्ट' मुले आणि 'स्लो' मुले अशी नवी विभागणी शाळांत शिरली, तर तो दोष पुस्तकाचा नसेल. पण पुस्तकातल्या दोन पात्रांनी तिला वाट करून दिलेली असेल. या यंत्रणा प्रत्येकात दोन्ही असतात. त्या मुलांच्या जाती नव्हेत.

पुस्तकात अडतीस प्रकरणे आहेत आणि सगळी वाचायला शाळेच्या सुट्टीचे बरेच दिवस जातील. शिक्षकांनी सातवे, दहावे, सतरावे, एकविसावे आणि बाविसावे आधी घ्यावे. चौथे वाचताना शेजारी पेन्सिल ठेवावी. तिसऱ्यात इस्रायली न्यायाधीश जेवणाच्या सुट्टीआधी जवळजवळ कुणालाच पॅरोल देत नाहीत असा एक किस्सा आहे. वकील नसलेल्या कैद्यांची प्रकरणे सुट्टीच्या आधी, सत्राच्या शेवटी घेतली जातात, हे आक्षेपकांनी नंतर दाखवले, ते समासात लिहून ठेवावे. आणि तेविसावे प्रकरण चुकवू नये. माध्यमिक शाळांत निर्णयविचार शिकवण्यासाठी कानमन आणि काही शिक्षक एक पाठ्यपुस्तक लिहीत होते. वर्षभर काम झाल्यावर, आणखी किती काळ लागेल असे प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहिले, तेव्हा सगळ्यांचे अंदाज दोन वर्षांच्या आसपास आले. त्यांच्यातल्याच एका अभ्यासक्रमतज्ज्ञाला विचारले की अशा इतर गटांना किती काळ लागला. तो म्हणाला, सुमारे ४० टक्क्यांचे काम कधी पुरेच झाले नाही, आणि उरलेल्यांना सात ते दहा वर्षे लागली. हे सांगण्याच्या काही मिनिटे आधी त्याने स्वतःच्या चिठ्ठीवरही साधारण दोनच वर्षे लिहिली होती. सगळ्यांनी ते ऐकले, आणि काम चालू ठेवले. पुस्तक आठ वर्षांनी पुरे झाले. तोवर शिक्षण मंत्रालयाचा उत्साह ओसरला होता, आणि ते कोणत्याही शाळेत लागले नाही.